कफिन विल्यम्स यांची चित्रे कोठे असावीत?

सार्वजनिक पैशांतून चित्रे विकत घ्यावीत, ती जपावीत आणि लोकांना दाखवावीत, याबद्दल आज फारसा वाद उरलेला नाही. वाद आहे तो कोणाची चित्रे घ्यावीत आणि ती कोठे ठेवावीत याबद्दल. सुमारे ३१ लाख लोकवस्तीच्या आणि शतकानुशतके मोठ्या शेजाऱ्याच्या छायेत राहिलेल्या वेल्ससारख्या देशात हा वाद अधिक तीव्र होतो, कारण चांगले चित्र कोणते याचा निवाडा तेथे दीर्घकाळ लंडनच्या दालनांत आणि लंडनकडे पाहणाऱ्या समित्यांत होत आला आहे. या वादाचा विचार करण्यासाठी चित्रकार कफिन विल्यम्स यांच्या आयुष्याइतके उद्बोधक उदाहरण मला दुसरे दिसत नाही. ज्या प्रदेशातून चित्र जन्माला आले त्या प्रदेशातील माणसांना त्या चित्राचे वाटणारे मोल हा सार्वजनिक खर्चाचा पूर्णपणे रास्त निकष आहे, आणि तो निकष वापरायचा तर राजधानीतील एका भव्य वास्तूवर विसंबून भागत नाही, असे माझे मत आहे. कफिन यांची कारकीर्द या मताला बळ देते. त्याच वेळी या मताच्या मर्यादाही तीच दाखवते.

जॉन कफिन विल्यम्स यांचा जन्म ९ मे १९१८ रोजी वेल्सच्या वायव्य टोकाला असलेल्या अँगलसी बेटावर, लान्गेव्नी या गावी झाला. वडील बँकेत व्यवस्थापक होते आणि घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या अँग्लिकन पाद्री होऊन गेले होते. पुढील शिक्षणासाठी मुलाला सीमेपलीकडे, इंग्लंडमधील श्रूजबरी येथे पाठवण्यात आले. तेथे असतानाच मेंदूच्या एका आजारपणातून त्यांना अपस्मार जडला आणि तो जन्मभर राहिला. शाळा संपल्यावर त्यांनी पुल्हेली येथे जमीनदारांच्या मालमत्तेची व्यवस्था पाहणाऱ्या एका पेढीत उमेदवारी केली. चरित्रकार या उमेदवारीचा उल्लेख दोन ओळींत उरकतात, पण पुढच्या चित्रांच्या दृष्टीने मला ती फार मोलाची वाटते. कुळांच्या शेतांवर जाणे, डोंगरकपारीतील घरांत बसणे, कुंपणाच्या दगडी भिंतींची आणि छपरांची पाहणी करणे हे तेव्हा त्यांचे रोजचे काम होते, आणि त्यामुळे हा प्रदेश त्यांनी प्रवाशाच्या नजरेने न पाहता तेथील शेतीवाडीच्या व्यवहारातून ओळखला. पुढे ते रॉयल वेल्श फ्युझिलिअर्स या पलटणीत अधिकारी झाले, परंतु अपस्मारामुळे १९४१ मध्ये त्यांना सैन्यसेवेस अपात्र ठरवण्यात आले. तपासणाऱ्या डॉक्टरांनी, तुमची प्रकृती सामान्य माणसासारखी नाही, तेव्हा तुम्ही चित्रकलेकडे वळावे, असे सुचवल्याचे त्यांनीच सांगून ठेवले आहे.

अशा रीतीने, प्रकृतीसाठी करावयाचा उद्योग म्हणून, चित्रकला त्यांच्या आयुष्यात आली. लंडनची स्लेड कलाशाळा युद्धामुळे ऑक्सफर्डला हलवलेली होती. विद्यार्थ्यांची चणचण होती म्हणूनच आपल्याला प्रवेश मिळाला, असे ते पुढे प्रामाणिकपणे सांगत. तेथील ॲशमोलियन संग्रहालयाच्या ग्रंथालयात पिएरो देला फ्रान्चेस्का या पंधराव्या शतकातील इटालियन चित्रकाराच्या ‘पुनरुत्थान’ या चित्राची छापील प्रतिमा पाहताना त्यांचे डोळे भरून आले, आणि चित्र हे केवळ दिसणाऱ्या वस्तूची नोंद नसते, त्यात करुणा आणि भाव उतरू शकतो, हे त्यांना तेव्हा उमगले. १९४४ पासून १९७३ पर्यंत त्यांनी लंडनच्या हायगेट शाळेत कलाशिक्षक म्हणून नोकरी केली. पुढे नावारूपाला आलेले अँथनी ग्रीन आणि पॅट्रिक प्रॉक्टर हे चित्रकार त्यांचे तेथील विद्यार्थी. जवळजवळ तीन दशके राहणे लंडनमध्ये आणि चित्रांत मात्र वेल्सचे डोंगर, असे त्यांचे जगणे होते. सुट्टी लागली की ते वेल्सला जात, उघड्यावर उभे राहून पेन्सिल आणि शाईने रेखाटने करीत, आणि ती घेऊन परत येत.

त्यांच्या चित्रपद्धतीविषयी थोडे विस्ताराने लिहिणे आवश्यक आहे, कारण त्यांच्यावरील बहुतेक आक्षेप आणि बहुतेक प्रेम या पद्धतीपाशीच येऊन थांबते. कफिन तैलरंग मुख्यतः पॅलेट नाइफने, म्हणजे रंग कालवण्याच्या पात्याच्या सुरीने, लावीत. रंगाचे जाड थर एकाच बैठकीत, रंग ओला असतानाच, कॅनव्हासवर ओढले जात, आणि पात्याच्या एकेका फटक्यातून कड्याची धार, दगडी भिंतीची ओळ किंवा मेंढपाळाचा वाकलेला खांदा उभा राहत असे. काळा, राखाडी, शेवाळी हिरवा, गेरूसारखा तांबूस आणि मधूनच चमकणारा पांढरा एवढ्यावर बरेचसे चित्र भागे. लख्ख उजेडाचा त्यांना त्रास होई. त्यामुळे ढगाळ आकाशाखालचा, पावसाने ओला झालेला एररीचा डोंगराळ मुलूख, ज्याला बाहेरचे लोक स्नोडोनिया म्हणून ओळखतात, त्यांच्या डोळ्यांना मानवणारा होता. क्रिब गोच, त्रवन, कुम इद्वल ही शिखरे आणि दऱ्या त्यांच्या चित्रांत पुन्हापुन्हा येतात. हे डोंगर फार उंच नाहीत; वेल्समधील सर्वांत उंच शिखरही १,०८५ मीटरचे आहे. परंतु कफिन यांच्या चित्रांत त्यांचा भार जाणवतो. अठराव्या शतकापासून इंग्रज चित्रकार या डोंगरांत रम्यता आणि भव्यता शोधत आले. कफिन यांच्या चित्रांतील डोंगर मात्र पोटापाण्यासाठी राबणाऱ्या माणसाचा आहे. त्याच्या उतारावर कुत्र्यासह चालणारा शेतकरी त्याच काळ्या आणि राखाडी रंगाने, त्याच पात्याने रंगवलेला असतो, आणि म्हणून तो देखाव्यात नंतर आणून उभा केल्यासारखा कधीच वाटत नाही.

१९६८ मध्ये विन्स्टन चर्चिल शिष्यवृत्ती मिळाल्यावर ते अर्जेंटिनातील पॅटागोनियात गेले. १८६५ मध्ये ‘मिमोसा’ जहाजाने गेलेल्या सुमारे दीडशे वेल्श माणसांनी तेथील चुबुत खोऱ्यात वसाहत केली होती आणि शंभर वर्षांनंतरही तेथे वेल्श भाषा बोलली जात होती. या प्रवासातील चित्रांत आणि जलरंगांत मोकळे आकाश आणि एरवी त्यांच्याकडे न दिसणारे गुलाबी, पिवळे रंग येतात. कफिन यांना एकच सूर येत होता असे म्हणणाऱ्यांनी ही चित्रे अवश्य पाहावीत.

मानसन्मान त्यांना मिळाले नाहीत असे नव्हे. १९४८ मध्ये लंडनच्या कोल्नागी दालनात त्यांचे पहिले एकल प्रदर्शन झाले, १९७४ मध्ये रॉयल अकादमीचे पूर्ण सदस्यत्व मिळाले, वेल्समधील कलावंतांच्या रॉयल केंब्रियन अकादमीचे अध्यक्षपद त्यांनी दोन वेळा भूषवले आणि १९९९ मध्ये त्यांना ‘सर’ हा किताब मिळाला. लोकप्रियता तर इतकी की वेल्समध्ये आडनाव न जोडता नुसते ‘कफिन’ म्हटले तरी पुरे. सुस्थितीतील घरांत मूळ चित्र आणि साध्या घरांत छापील प्रत, अशी त्यांची चित्रे घरोघरी पोहोचली. असे असतानाही वेल्श कला परिषद आणि राजधानी कार्डिफचे राष्ट्रीय संग्रहालय आपल्या देशातील चित्रकारांची, विशेषतः रेखाटनावर आणि निसर्गावर उभ्या असलेल्या चित्रकलेची, उपेक्षा करतात, अशी त्यांची तक्रार होती आणि ती त्यांनी आयुष्याच्या अखेरपर्यंत जाहीरपणे मांडली.

या तक्रारीचा विचार कलावंताचा दुखावलेला अहंकार म्हणून झटकून टाकता येत नाही, कारण तिच्यामागे एक जुनी वस्तुस्थिती आहे. कार्डिफच्या राष्ट्रीय संग्रहालयाची जगभर ख्याती आहे ती ग्वेंडोलिन आणि मार्गारेट या डेव्हिस भगिनींनी दिलेल्या फ्रेंच चित्रांमुळे. मोने, सेझान आणि रेन्वार यांची ती चित्रे या भगिनींनी आजोबांच्या कोळशाच्या खाणी आणि रेल्वे यांतून आलेल्या संपत्तीतून घेतली आणि १९५१ व १९६३ मधील मृत्युपत्रांद्वारे ती संग्रहालयाकडे आली. हा संग्रह वेल्सच्या लोकांना मिळालेला उदार ठेवा आहे आणि त्याबद्दल कृतज्ञताच वाटायला हवी. परंतु त्यातून नकळत एक समजूत बळावली की उत्तम कला बाहेरून येते आणि वेल्सने ती नीट पाहायला शिकावे. वेल्सला काव्य आहे, संगीत आहे, चित्रकला मात्र नाही, हे वाक्य वेल्समध्येच इतकी वर्षे म्हटले जात होते की ते खोडून काढण्यासाठी पीटर लॉर्ड यांच्यासारख्या कलेतिहासकाराला गावोगावची व्यक्तिचित्रे, दुकानांच्या पाट्या आणि चॅपलमधील छायाचित्रे धुंडाळून खंडच्या खंड लिहावे लागले.

दुसरीकडे, वेल्समध्ये जन्मलेल्या गुणवंतांना देश सोडून जावे लागत होते. चित्रकार रिचर्ड विल्सन लंडनला आणि इटलीला गेले, चित्रकार ग्वेन जॉन पॅरिसजवळ राहिल्या. मराठी वाचकांना या स्थलांतरातील एक नाव ओळखीचे असेल. १८६५ पासून मुंबईच्या सर जमशेटजी जीजीभाई कलाशाळेत शिकवणारे, आपल्या विद्यार्थ्यांकडून अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या प्रतिकृती करवून घेणारे आणि महादेव विश्वनाथ धुरंधरांना शिकवणारे जॉन ग्रिफिथ्स हे वेल्सच्या मॉन्टगोमेरीशरमधील लानवेर काइरेनियन या गावचे. मुंबईच्या विद्यार्थ्यांनी वर्षानुवर्षे लेण्यांत बसून केलेल्या त्या प्रतिकृती लंडनला पाठवण्यात आल्या आणि त्यांतील बऱ्याच १८८५ च्या आगीत तेथे जळून गेल्या. महत्त्वाचे काम मध्यवर्ती राजधानीत सर्वांत सुरक्षित असते, या समजुतीला हे उत्तर पुरेसे बोलके आहे.

कफिन यांनी मात्र केवळ तक्रार केली नाही. १९७४ मध्ये ते कायमचे अँगलसीला परतले आणि मेनाईच्या सामुद्रधुनीच्या काठावर पुल्वानोगल येथे राहू लागले. घरासमोर पाणी आणि पलीकडे डोंगर. चार्ल्स टनिक्लिफ हे पक्षिचित्रकार मूळचे इंग्लंडमधील चेशायरचे, पण १९४७ पासून अँगलसीवर राहिले. १९७९ मध्ये त्यांचे निधन झाल्यावर त्यांचा संग्रह लंडनमध्ये लिलावात तुकड्यातुकड्यांनी विकला जाण्याची वेळ आली. १९८१ मध्ये बेटाच्या स्थानिक परिषदेने तो संग्रह विकत घेतला. एखादी लहानशी स्थानिक स्वराज्य संस्था रस्ते आणि कचरा यांच्या पलीकडे जाऊन पक्ष्यांची चित्रे घेते, ही घटना मला आजही विलक्षण वाटते. त्या संग्रहाला घर हवे म्हणून लान्गेव्नी येथे १९९१ मध्ये ओरिएल अनिस मोन हे कलादालन सुरू झाले. या दालनामागे कफिन ठामपणे उभे राहिले, त्यांनी आपली चित्रे त्याला दिली, आणि त्यांच्या निधनानंतर २००८ मध्ये तेथेच त्यांच्या नावाचे स्वतंत्र दालन उघडले. उरलेल्या कामाचा मोठा भाग त्यांनी अबेरिस्टविथच्या राष्ट्रीय ग्रंथालयाकडे सोपवला. लंडनच्या कोणत्याही संस्थेला हे काम सहज देता आले असते. ते त्यांनी जाणीवपूर्वक वेल्समध्ये, तेही कार्डिफपासून दूर ठेवले. सुमारे ६९ हजार वस्तीच्या बेटावर शाळेतील मूल आपल्या घराच्या खिडकीतून दिसणारा डोंगर एका मोठ्या चित्रकाराने कसा पाहिला हे आज विनामूल्य पाहू शकते. माझ्या मते कफिन यांचे हे सार्वजनिक कार्य त्यांच्या कोणत्याही एका चित्राइतके मोठे आहे.

आता आक्षेपांकडे वळू. पहिला आक्षेप पुनरुक्तीचा. हा आक्षेप बऱ्याच अंशी खरा आहे. मागणी वाढली तशी तीच शिखरे, तीच पांढरी घरे आणि तोच काठी घेतलेला शेतकरी अनेकदा आला, आणि उत्तरकाळातील काही चित्रांत हात सरावाने फिरल्याचे स्पष्ट दिसते. मात्र यातून सार्वजनिक संग्रहाची गरज कमी होत नाही, उलट वाढते. बाजार सरावाची चित्रेही त्याच उत्साहाने विकतो. रेखाटनांपासून मोठ्या कॅनव्हासपर्यंत सर्व काम एका ठिकाणी असेल, जाणता अभिरक्षक असेल, तरच कोणते चित्र खरोखर पाहून झाले आणि कोणते सवयीने झाले हे उघड होते.

दुसरा आक्षेप मला अधिक गंभीर वाटतो. कफिन यांच्या चित्रांतील वेल्स हा सुटून चाललेल्या जगाचा वेल्स आहे. ज्या दशकांत ते डोंगर रंगवत होते त्याच दशकांत लिव्हरपूलला पाणी देण्यासाठी त्रवेरिन खोऱ्यात धरण बांधले गेले आणि १९६५ मध्ये कापेल केलिन हे वेल्शभाषक खेडे बुडाले. भाषेसाठी सत्याग्रह झाले, तरुण तुरुंगात गेले. यातले फार थोडे त्यांच्या कॅनव्हासवर उमटले. ते काम इतरांनी केले. १९७७ मध्ये रेक्सम येथील राष्ट्रीय आयस्टेडवड या वेल्श भाषेच्या आणि कलांच्या वार्षिक महोत्सवात कलावंत पॉल डेव्हिस यांनी रेल्वेचा एक जड लाकडी स्लीपर डोक्यावर धरला आणि हात थकेपर्यंत ते तसेच उभे राहिले. त्या लाकडावर कोरलेली अक्षरे ‘वेल्श नॉट’ची होती, शाळेत वेल्श बोलणाऱ्या मुलाच्या गळ्यात एकेकाळी शिक्षा म्हणून हीच पाटी अडकवली जाई. कलावंत आयव्हर डेव्हिस यांनी साठच्या दशकात स्फोटकांचा वापर करून कलाकृती केल्या आणि पुढे भाषेचा व भूमीचा इतिहास भल्यामोठ्या चित्रांत आणला. कफिन यांना या धर्तीच्या कलेबद्दल आस्था नव्हती. रेखाटन न येणारी माणसे कलासंस्था काबीज करीत आहेत, असे ते मानत आणि तसे बोलत. येथे मी त्यांच्याशी पूर्णपणे असहमत आहे. स्लीपर धरून उभा राहिलेला माणूस आणि मेंढ्यांमागे डोंगर चढणारा शेतकरी ही एकाच समाजाची चित्रे आहेत, आणि एकाला जागा देण्यासाठी दुसऱ्याला दाराबाहेर ठेवणारी संस्था लंडनवादी असो वा स्थानिक, सारखीच अन्यायी ठरते.

स्थानिकतेचा निकष म्हणजे जन्मदाखला किंवा एखादी ठरावीक शैली नव्हे, हे यामुळेच आग्रहाने सांगावेसे वाटते. कफिन स्वतः इंग्रजी वळणाच्या घरात वाढले होते. टनिक्लिफ तर बाहेरचेच. चित्रकार शानी रीस जेम्स यांचा जन्म १९५३ मध्ये मेलबर्नला झाला, त्या वेल्समधील पोविसच्या ग्रामीण भागात येऊन राहिल्या आणि तेथून त्यांनी रंगवलेल्या विस्फारलेल्या डोळ्यांच्या आत्मचित्रांनी २००३ मध्ये ब्रिटनमधील प्रतिष्ठेचे जेरवुड पारितोषिक मिळवले. त्यांत डोंगर नाहीत. १९३४ मध्ये केरेडिगियनमध्ये जन्मलेल्या मेरी लॉइड जोन्स यांच्या झळझळीत रंगांच्या अमूर्त चित्रांत शिशाच्या जुन्या खाणींनी ओरबाडलेली जमीन आणि प्राचीन लिपींच्या खुणा एकत्र येतात. एखाद्या ठिकाणी राहून, तेथील माणसांच्या सोबतीने आणि त्यांच्या नजरेसमोर काम करणे, एवढाच या निकषाचा अर्थ आहे, आणि त्यात या सर्वजणांना जागा आहे.

वेल्समध्ये समकालीन कलेसाठी स्वतंत्र राष्ट्रीय कलादालन असावे ही मागणी जुनी आहे. अलीकडे शासनाने त्यावर वेगळा मार्ग काढला. राजधानीत एक नवी इमारत बांधण्याऐवजी लानडिडनो, अबेरिस्टविथ, स्वॉन्झी, बँगर, न्यूटाउन अशा नऊ ठिकाणच्या दालनांचे जाळे विणून राष्ट्रीय संग्रहातील कलाकृती तेथे नेण्याची योजना २०२४ मध्ये पुढे आली. दिशा म्हणून मला ती योग्य वाटते, परंतु तिच्या अपुरेपणाबद्दल स्पष्ट बोलले पाहिजे. त्याच वर्षी निधीकपातीमुळे राष्ट्रीय संग्रहालयाला मोठी नोकरकपात करावी लागली आणि कार्डिफच्या गळक्या वास्तूची दुरुस्ती झाली नाही तर ती बंद करण्याची वेळ येईल, असा इशारा त्याच्या प्रमुखांनी दिला. मूळ संग्रहच असा संकटात असताना केवळ उसनवारीने चित्रे फिरवली तर जिल्ह्यातील दालन हे राजधानीच्या संग्रहाचे तात्पुरते गोदाम होऊन बसते. लान्गेव्नीला जे साधले ते उसनवारीतून साधले नव्हते. तेथे परिषदेने संग्रह विकत घेतला होता, तो तिच्या मालकीचा होता, आणि त्या मालकीतून पुढचे सगळे उभे राहिले.

म्हणून नऊही दालनांना स्वतःची खरेदी करण्यासाठी दरवर्षी ठरावीक आणि कपातीपासून संरक्षित रक्कम मिळाली पाहिजे, प्रत्येक ठिकाणी पूर्णवेळ अभिरक्षक नेमला पाहिजे, आणि काय घ्यायचे हे ठरवणाऱ्या समितीत त्या भागातील शिक्षक, चित्रकार आणि शेतकरी यांना कार्डिफच्या तज्ज्ञांइतकेच मत असले पाहिजे. या समित्यांकडून चुका होतील. काही वेळा सोपे डोंगर घेतले जातील आणि अवघड काम नाकारले जाईल. राष्ट्रीय पातळीवरील समित्यांनी पन्नास वर्षांत ज्या चुका केल्या त्यांपेक्षा त्या अधिक महागात पडतील असे मानायला मला कोणताही आधार दिसत नाही, आणि मेरी लॉइड जोन्स यांच्या पिढीतील ज्या चित्रकारांचे आयुष्यभराचे काम अजून त्यांच्याच कार्यशाळांत आहे, त्यांच्या बाबतीत हा निर्णय पुढच्या दशकावर ढकलता येणार नाही.